बाळाच्या यकृत प्रत्यारोपणात कोणती सलाइन, केव्हा आणि किती

नागपुरातल्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या ओटीबाहेर तासभर थांबा. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीहून, नाहीतर पलीकडच्या बालाघाट-छिंदवाड्याहून आलेली माणसं भिंतीला टेकून बसलेली दिसतात. त्यातली एखादी आजी उठते आणि विचारते, "पोराले सलाइन लावली ना जी, डॉक्टर साहेब?" तिच्या लेखी बाटलीत जे असेल ते सलाइनच, आणि सलाइन लागली म्हणजे उपचार सुरू झाला. प्रत्यारोपणाच्या दिवशी अशाच एका आजीचा मुलगा एका ओटीत दाता म्हणून झोपलेला असतो आणि आठ किलोचा नातू शेजारच्या ओटीत.

आजीने सगळ्याला सलाइन म्हणावं, त्यात काही बिघडत नाही. आपण मात्र तसं म्हणायचं नाही. हा लेख लहान मुलांच्या यकृत प्रत्यारोपणात पहिल्यांदाच उभे राहणार असलेल्या भूलशास्त्राच्या रेसिडेंटसाठी आहे. ओटी टेक्निशियन आणि आयसीयूतल्या सिस्टर यांनाही त्यातला बराचसा भाग उपयोगी पडेल. तुमच्या युनिटचा प्रोटोकॉल आणि टेबलाशी उभे असलेले वरिष्ठ यांचा शब्द या लेखाच्या वर. मी इथे सांगतो ते त्या प्रोटोकॉलमागचं कारण कळावं म्हणून, कारण रात्री दोन वाजता कागदावर नसलेली परिस्थिती समोर आली की कारणच हाताशी लागतं.

ते कारण असं. एरवीच्या ऑपरेशनमध्ये बाटली थोडी चुकली तरी यकृत सांभाळून घेतं. लॅक्टेट गेलं तर ते वापरून टाकतं, रक्ताबरोबर सायट्रेट (पिशवीतलं रक्त गोठू नये म्हणून घातलेलं रसायन) आलं तर मोडून काढतं, साखर कमी पडली तर साठ्यातून सोडतं. या ऑपरेशनमध्ये सुरुवातीला ते यकृत आजारी असतं, मग काही काळ शरीरात यकृतच नसतं, आणि मग नवं, थंडगार, नुकतंच जोडलेलं यकृत असतं. म्हणून प्रत्येक बाटली टांगताना एकच प्रश्न विचारा: ही बाटली यकृताला कोणतं काम सांगते आहे, आणि ते काम करायला या घडीला कुणी आहे का?

आदल्या दिवशी: वजन, तीन आकडे आणि ब्लड बँक

लहान मुलांत प्रत्यारोपणाचं सर्वांत मोठं कारण बिलिअरी अट्रेशिया, म्हणजे जन्मतःच पित्तनलिका बंद असणं. यातल्या बऱ्याच बाळांची आधी कसाई शस्त्रक्रिया (कसाई हे जपानी सर्जनचं नाव; यात आतडं थेट यकृताला जोडतात) झालेली असते. पोट पाण्याने फुगलेलं, हातपाय काटकुळे, डोळे हळदीसारखे. वजनकाटा ८ किलो दाखवतो तेव्हा त्यात जलोदराचं पाणीही मोजलं गेलेलं असतं. बालरोगतज्ज्ञांशी बोलून कोरडं वजन अंदाजा आणि हिशेब त्यावर करा.

समजा कोरडं वजन ८ किलो. शीटच्या डोक्यावर तीन आकडे ठळक लिहा. या वयात किलोमागे सुमारे ८० मिली रक्त असतं, म्हणजे अख्ख्या बाळात ६४० मिली. त्याचा दहावा भाग ६४ मिली. आणि तासाची मूळ गरज ३२ मिली. हा शेवटचा आकडा ४-२-१ च्या नियमातून येतो: पहिल्या दहा किलोंना तासाला किलोमागे ४ मिली, पुढच्या दहांना २, त्यापुढे १. हॉलिडे आणि सेगर यांनी १९५७ साली मांडलेल्या हिशेबातून हा नियम आला. मात्र तो वॉर्डातल्या मुलाच्या रोजच्या गरजेचा आहे. उघड्या पोटातून होणारी झीज किंवा रक्तस्राव त्यात धरलेला नाही.

६४ मिली म्हणजे किती ते एकदा डोळ्यांनी पाहा. घरातल्या चहाच्या कपात अर्ध्याच्या आसपास. सक्शनच्या नळीत, मॉपमध्ये, ड्रेपच्या घडीत तेवढं रक्त सहज दडून बसतं. मोठ्यांच्या केसेस करून आलेल्या रेसिडेंटला ही जाणीव व्हायला वेळ लागतो, म्हणून आकडा नजरेसमोर हवा.

उपाशी ठेवण्याच्या वेळा नेहमीच्याच: पाण्यासारखे पेय दोन तास, आईचं दूध चार, वरचं दूध सहा. पण या बाळांच्या यकृतात साखरेचा साठा तुटपुंजा असतो. पहाटे चारला दूध बंद केलं आणि दात्याच्या ओटीत उशीर झाला, तर नऊपर्यंत साखर घसरलेली असू शकते. उपास सुरू होताच साखरेची ड्रिप सुरू करा आणि वॉर्डातच ग्लुकोज तपासा. मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, एसटीने चार-पाच तास प्रवास करून आलेलं बाळ आधीच कोरडं पडलेलं असतं. त्याला आदल्या दिवशी सावकाश भरून घ्या. भूल दिल्यावर बीपी पडलं म्हणून एकदम भरणं वेगळं आणि हे वेगळं.

फाइलमध्ये आणखी दोन गोष्टी शोधा. एक म्हणजे सोडियम. जलोदर आणि डाययुरेटिक, म्हणजे लघवी वाढवणारी औषधं, यांमुळे ते १२४-१२५ इतकं कमी असणं नवलाचं नाही, आणि त्यावर पुढची सगळी निवड अवलंबून आहे. दुसरी गोष्ट आपल्या विदर्भाची: सिकलसेल. बाळाचा आणि दात्याचाही एचपीएलसी (सिकलचं हिमोग्लोबिन ओळखणारी तपासणी) रिपोर्ट फाइलला लागलेला हवा. सिकल असलेलं बाळ थंड पडलं, कोरडं राहिलं, रक्त आम्लधर्मी झालं किंवा ऑक्सिजन कमी पडला तर रक्तपेशी विळ्यासारख्या वाकू लागतात. या ऑपरेशनमध्ये या चारही गोष्टींचा धोका असतो. अशा बाळासाठी ब्लड बँकेला सिकल-मुक्त युनिट लागेल हे आदल्या दिवशीच सांगा.

ब्लड बँकेकडून तांबड्या पेशी मागताना शक्य तितकं ताजं रक्त मागा, एक आठवड्याच्या आतलं मिळालं तर उत्तम. साठवलेल्या रक्तात पोटॅशियम दिवसागणिक बाहेर झिरपत असतं. आठ किलोच्या बाळाला जुन्या पिशवीतलं रक्त वेगाने दिलं तर तेवढ्यावरच हृदयाचा ठोका चुकू शकतो. ताजं नसेल तर धुतलेल्या पेशी मिळतील का ते विचारा. १९६३ साली डेन्व्हरमध्ये थॉमस स्टार्झल यांनी जगातलं पहिलं मानवी यकृत प्रत्यारोपण केलं ते बिलिअरी अट्रेशियाच्या तीन वर्षांच्या मुलावरच. ते मूल टेबलावरच रक्तस्रावाने गेलं. भारतात १९९८ मध्ये दिल्लीत वडिलांच्या यकृताचा तुकडा मिळालेलं पावणेदोन वर्षांचं बाळ मात्र वाढलं आणि पुढे स्वतः डॉक्टर झालं. या दोन ऑपरेशनांच्या मधल्या काळात शस्त्रक्रिया, औषधं, सगळंच सुधारलं, आणि रक्त-द्रवांचा हिशेबही.

बाटल्यांशी ओळख

आता शेल्फासमोर उभे राहा. एकेक बाटली हातात घेऊन मागचं लेबल वाचा. मी नव्या रेसिडेंटला हे करायला लावतो, कारण ही नावं रोज तोंडात असतात आणि आतले आकडे मात्र माहीत नसतात.

नॉर्मल सलाइनमध्ये लिटरमागे सोडियम १५४ मिलिमोल आणि क्लोराइडही १५४. रक्तातलं क्लोराइड शंभरच्या थोडं अलीकडे-पलीकडे, साधारण ९८ ते १०७ च्या मध्ये असतं. नावात नॉर्मल असलं तरी हे रक्ताच्या जवळचं नाही. भरपूर दिलं की क्लोराइड वाढतं, रक्त आम्लधर्मी होतं आणि मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या आकसतात. शिवाय ज्या बाळाचं सोडियम १२४ आहे त्याला हे तीस अंकांनी खारट पडतं. मुख्य द्रव म्हणून ते निवडू नका. रक्ताची नळी धुवायला, औषध पातळ करायला ठीक.

रिंगर लॅक्टेट, आपलं आरएल. सोडियम सुमारे १३०, क्लोराइड ११० च्या आत-बाहेर, पोटॅशियम ४, थोडं कॅल्शियम आणि लॅक्टेट २८. भारतातल्या हजारो ओटींमध्ये उत्तम काम देणारी ही बाटली इथे दोन ठिकाणी अडते. लॅक्टेटचं बायकार्बोनेट मुख्यतः यकृत करतं, आणि मधल्या टप्प्यात यकृतच नाही. दुसरं म्हणजे, नवं यकृत कामाला लागलं की नाही हे कळायचा आपला सर्वांत जवळचा आकडा लॅक्टेटच असतो. बाहेरून तेच ओतत राहिलो तर आकड्याचा अर्थ लावणं अवघड होतं. त्यातलं कॅल्शियम सायट्रेट असलेल्या रक्ताबरोबर एकाच नळीतून गेलं तर गुठळ्यांची भीती, ते वेगळंच.

ॲसिटेटवाले समतोल द्रव, म्हणजे प्लाझ्मालाइट आणि त्याच्या बरोबरीची औषधं. सोडियम १४०, पोटॅशियम ५, क्लोराइड ९८, मॅग्नेशियम दीड, ॲसिटेट २७, ग्लुकोनेट २३. ॲसिटेट स्नायूंमध्ये आणि इतर पेशींमध्येही वापरलं जातं, त्याला यकृताची वाट पाहावी लागत नाही. कॅल्शियम नसल्याने रक्ताबरोबर चालतं. या ऑपरेशनमध्ये मुख्य द्रव म्हणून माझी पहिली पसंती हीच. पोटॅशियम ५ आहे म्हणून घाबरणारे भेटतात. पण ते रक्ताच्याच पातळीचं आहे, आणि सलाइनने रक्त आम्लधर्मी झालं तर पेशींतून बाहेर येणारं पोटॅशियम त्याहून त्रासदायक ठरू शकतं. लघवीच बंद असलेल्या, पोटॅशियम आधीच चढलेल्या बाळात मात्र वरिष्ठांना विचारून ठरवा.

बाळाचं सोडियम फार खाली असेल तर माझी पसंतीही डळमळते. अशा वेळी १३० वालं आरएल त्याच्या रक्ताच्या अधिक जवळ असतं, आणि यकृत काढण्याआधीच्या टप्प्यात काही वरिष्ठ मुद्दाम तेच वापरतात. लॅक्टेटचा आकडा थोडा गढूळ झाला तरी चालेल, पण मेंदूला धक्का नको, असा तो हिशेब असतो. जुनाट कमी सोडियम २४ तासांत ८ ते १० अंकांहून जास्त चढलं तर मेंदूतल्या मज्जातंतूंचं आवरण कायमचं बिघडू शकतं. आणि सोडियम बाटलीतूनच येतं असं नाही. एफएफपीत (गोठवून ठेवलेल्या ताज्या प्लाझ्मात) ते भरपूर असतं, अल्ब्युमिनमध्ये (रक्तातल्या मुख्य प्रथिनाच्या द्रवात) असतं, आणि बायकार्बोनेटमध्ये तर खूपच. आपल्याकडे मिळणाऱ्या साडेसात टक्के सोडाबायकार्बच्या १० मिलीत जवळजवळ ९ मिलिमोल सोडियम असतं. आठ किलोच्या बाळात एकूण पाणी पाच लिटरच्या आसपास. म्हणजे तेवढ्या एका मात्रेने सोडियम सुमारे दोन अंकांनी वर. दिवसाच्या मुभेतला पाचवा भाग एका सिरिंजमध्ये संपतो.

आयसोलाइट-पी. बालरोग वॉर्डात ही बाटली घरच्यासारखी, म्हणून नवा रेसिडेंट तिच्याकडे सहज हात नेतो. तिच्यात सोडियम फक्त पंचवीसच्या आसपास आणि पोटॅशियम २०. ऑपरेशनच्या ताणात शरीर पाणी धरून ठेवतं, त्यात असा पातळ द्रव गेला की सोडियम घसरतं आणि मेंदूला सूज येते. अमेरिकन बालरोग अकादमीने २०१८ मध्ये वॉर्डातल्या रोजच्या ड्रिपसाठीसुद्धा रक्ताच्या बरोबरीच्या सोडियमचे द्रव सुचवले. ओटीत तर ही बाटली मी ट्रॉलीवरच ठेवू देत नाही. हाताशी असली की घाईत टांगली जाते.

अल्ब्युमिनची बाटली २० टक्क्यांची असते तेव्हा पाच टक्के आपण तयार करतो: २५ मिली अल्ब्युमिन आणि ७५ मिली सलाइन किंवा समतोल द्रव. हे मिश्रण निर्जंतुक पाण्यात कधीही करायचं नाही. तसं केलेला द्रव इतका पातळ होतो की शिरेत तांबड्या पेशी फुटतात. सिरिंजवर टक्केवारी, वेळ आणि तयार करणाऱ्याचं नाव लिहा. २० टक्के आणि ५ टक्के दिसायला सारखेच पिवळट.

स्टार्च वापरू नका. गंभीर आजाऱ्यांत मृत्यू आणि मूत्रपिंडाला इजा वाढते या कारणाने २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. जिलेटिनचीही इथे गरज पडू नये.

साखर वेगळ्या पंपावर

एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी पुष्कळ. साखर आणि व्हॉल्यूम, म्हणजे रक्तवाहिन्या भरून बीपी धरायचा द्रव, एकाच बाटलीतून देऊ नका. बीपी पडलं की आपण हातातली ड्रिप वेगाने सोडतो, आणि त्यात पाच टक्के डेक्स्ट्रोज असेल तर ग्लुकोज चारशेवर जातं. दोन्ही गरजा वेगळ्या वेळी वेगळ्या दिशेने जातात, तेव्हा त्यांचे रस्तेही वेगळे हवेत.

१० टक्के डेक्स्ट्रोज सिरिंज पंपावर लावा. सुरुवातीला मिनिटाला किलोमागे ४ ते ६ मिलिग्रॅम. हिशेब सोपा आहे: तासाचे मिली गुणिले टक्केवारी, भागिले वजन गुणिले सहा. आठ किलोला ताशी २४ मिली दिलं तर २४ गुणिले १० म्हणजे २४०, भागिले ४८, उत्तर ५. दर अर्ध्या तासाला ग्लुकोज पाहा. तांबड्या पेशींच्या पिशवीतही साखर असते, आणि पुढे स्टेरॉइड दिलं की ती आणखी चढते.

लाइन कुठे आणि मोजायचं काय

ऑपरेशनच्या मध्यावर सर्जन पोटातल्या महाशिरेवर क्लॅम्प लावतात, अर्धवट किंवा पूर्ण. पायातून दिलेलं रक्त तेव्हा हृदयापर्यंत नीट पोचत नाही. म्हणून व्हॉल्यूम देण्याच्या सगळ्या लाइन छातीच्या वर: दोन्ही हातांत चांगल्या रुंद व्हेनफ्लॉन (शिरेत ठेवायच्या नळ्या) आणि मानेत सेंट्रल लाइन, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत जाणारी नळी.

बाळाला मोठी बाटली थेट टांगायची नाही. पंप, नाहीतर शंभर मिलीचा ब्युरेट असलेला पेडिया सेट, ज्यात ६० थेंबांचा एक मिली. पटकन द्यायचं असेल तर ५० मिलीच्या सिरिंजने, थ्री-वेमधून, तोंडाने आकडा मोठ्याने म्हणत. आणि सगळं कोमट. ओटीचा एसी, उघडं पोट, बर्फातून आलेलं यकृत यांनी बाळ झपाट्याने थंड पडतं, आणि थंड रक्त गोठत नाही. उन्हाळ्यात उलट काळजी घ्या: पत्र्याच्या स्टोअरमध्ये किंवा खिडकीशी तापलेल्या खोक्यातल्या बाटल्या घेऊ नका. लेबलवरचं साठवणीचं तापमान नागपूरच्या मे महिन्यात सहज ओलांडलं जातं.

आता एक हिशेब, जो मी शिकत असताना चुकवला होता. प्रेशर बॅग लावलेल्या ट्रान्सड्यूसरमधून (रक्तवाहिनीतला दाब मोजणाऱ्या जोडणीतून) तासाला सुमारे ३ मिली जातं. अशा तीन लाइन आणि दहा तासांचं ऑपरेशन, म्हणजे ९० मिली. आठ किलोच्या बाळाच्या रक्ताचा सातवा हिस्सा, तोही नॉर्मल सलाइनचा, आणि तो माझ्या शीटवर कुठेच नव्हता. प्रत्येक औषधानंतर नळी धुवायला मारलेला दोन-तीन मिलीचा फ्लश वेगळाच. बाळाचा चेहरा सुजलेला दिसला तेव्हा माझ्या वरिष्ठांनी फक्त विचारलं, "फ्लश धरलेस का?" तेव्हापासून लहान बाळांत ट्रान्सड्यूसर सिरिंज पंपावर, तासाला एक मिली, आणि फ्लशसाठी शीटवर वेगळा रकाना.

यकृत काढेपर्यंत

पोट उघडताच जलोदराचं पाणी भळभळून बाहेर येतं, पोटातला दाब उतरतो आणि बीपी खाली येतं. इथे पाच टक्के अल्ब्युमिनचा खरा उपयोग, किलोमागे ५ ते १० मिली, मग थांबून पुन्हा पाहायचं. कसाई झालेल्या बाळात आतडी यकृताला चिकटलेली असतात आणि ती सोडवताना रक्त झिरपत राहतं. तांबड्या पेशी किलोमागे १० मिली दिल्या की हिमोग्लोबिन साधारण दोन ते तीनने वाढतं. आपलं लक्ष्य आठ-नऊच्या आसपास. बाराचं समाधान इथे नको, कारण पुढे सांगतो.

रिपोर्टमध्ये आयएनआर (रक्त गोठायला किती उशीर लागतो त्याचा आकडा) अडीच दिसला म्हणून एफएफपी लावायची घाई करू नका. या मुलांत रक्त गोठवणारे आणि गोठण रोखणारे, दोन्ही घटक कमी असतात आणि आयएनआरला त्यातली एकच बाजू दिसते. शेतात, म्हणजे ऑपरेशनच्या जागी, गुठळी बनते आहे का ते सर्जनना विचारा, टीईजी (गुठळी कशी बनते ते दाखवणारी तपासणी) असेल तर त्याचा आलेख पाहा. रक्तस्राव दिसत असेल तरच द्या.

किती भरायचं हे ठरवायला मोठ्यांचे पल्स प्रेशरचे हिशेब लहानांत भरवशाचे नाहीत. सीव्हीपीचा (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतल्या दाबाचा) एकच आकडा फार सांगत नाही, त्याचा कल सांगतो. त्याबरोबर लघवी, लॅक्टेट, बेस डेफिसिट (रक्त किती आम्लधर्मी झालं त्याचा आकडा) पाहा. आणि पडद्यापलीकडे विचारा, "महाशीर कशी दिसते आहे?" ती समोर उघडी असते. सर्जनच्या डोळ्यांइतका चांगला मॉनिटर त्या वेळी दुसरा नाही.

यकृत नसतानाचा तास

या टप्प्यात काम कमी दिसतं आणि धोका सर्वांत जास्त असतो. क्लॅम्प लागतो, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, बीपी उतरतं. बिलिअरी अट्रेशियाच्या बाळात वर्षभरात आडवाटा, म्हणजे यकृत टाळून रक्त नेणाऱ्या पर्यायी शिरा, तयार झालेल्या असतात, ते बरंच सहन करतं. पण चयापचयाच्या आजारासाठी आलेलं मूल, उदाहरणार्थ क्रिगलर-नज्जार (जन्मजात काविळीचा आजार), त्याचं यकृत मऊ आणि पोर्टल शिरेतला, म्हणजे आतड्यांतून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेतला, दाब नॉर्मल असतो. त्याला आडवाटा नसतात. पोर्टल शीर बंद होताच आतड्यात रक्त तुंबतं आणि बीपी धाडकन खाली येतं. कोणता आजार आहे हे भूल देण्याआधी माहीत असावं ते यासाठी.

बीपी पडलं की हात बाटलीकडे जातो. इथे तो आवरा. थोडा द्रव द्या, बाकी रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नॉरॲड्रेनलिनवर धरा. क्लॅम्प सुटल्यावर अडलेलं सगळं रक्त परत येणारच आहे. तोवर आपण दीडशे मिली जादा भरलेले असतील तर नवं यकृत आल्या-आल्या फुगतं.

रक्त आणि एफएफपीतलं सायट्रेट आता मोडणारं कुणी नाही. ते कॅल्शियम पकडून ठेवतं, आयनाइज्ड (रक्तातलं मोकळं) कॅल्शियम एकच्या खाली गेलं की हृदयाची पकड सैल पडते. दर एबीजीत (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत) तो आकडा आधी पाहा आणि १.१ च्या वर ठेवा. १० टक्के कॅल्शियम क्लोराइडच्या एका मिलीत ग्लुकोनेटच्या जवळजवळ तिप्पट कॅल्शियम असतं, म्हणून मात्रा बदलताना नाव दोनदा वाचा. ग्लुकोनेटला यकृत लागतं असा समज जुना आहे. समान कॅल्शियम दिलं तर यकृत नसतानाही दोन्ही सारखंच काम देतात. क्लोराइड मात्र सेंट्रल लाइनमधूनच. कॅल्शियम आणि सोडाबायकार्ब एका नळीत गाठ पडले तर पांढरा गाळ बसतो.

साखर या वेळी सर्वांत सहज घसरते. अर्ध्या तासाची तपासणी इथे पंधरा-वीस मिनिटांवर आणली तरी जास्त होणार नाही. लॅक्टेट चढत जाईल, ते अपेक्षित आहे. त्याच्यामागे लागून बायकार्बोनेट ओतू नका, सोडियमचा हिशेब वर दिला आहेच.

क्लॅम्प सुटण्याआधी दहा मिनिटं

सर्जन शेवटच्या टाक्यांवर आले की तुम्ही एबीजी पाठवा. पोटॅशियम चारच्या आत, कॅल्शियम १.१ च्या वर, तापमान ३६ च्या जवळ. कॅल्शियम आणि पातळ केलेलं ॲड्रेनलिन सिरिंजमध्ये, नाव लिहून, हाताशी. यकृत ज्या द्रवात ठेवलं होतं तो कोणता ते विचारून घ्या. यूडब्ल्यू असेल तर त्यात पोटॅशियम १२५ च्या आसपास असतं, एचटीकेत दहाच्या आसपास. म्हणूनच जोडण्याआधी यकृत धुतात. ते धुतलं आहे ना, हे मोठ्याने विचारायला संकोच करू नका.

क्लॅम्प सुटला की पाच मिनिटं नजर मॉनिटरवर. ईसीजीतली टी-वेव्ह उंचावली तर कॅल्शियम. बीपी तीस टक्क्यांहून जास्त पडून मिनिटभर तसंच राहिलं तर त्याला रिपरफ्यूजन सिंड्रोम म्हणतात. त्याचं कारण थंड, आम्लधर्मी, पोटॅशियमयुक्त रक्त आणि सैलावलेल्या रक्तवाहिन्या हे असतं. उत्तर ॲड्रेनलिनच्या छोट्या मात्रा आणि कॅल्शियम. बाटली तेव्हाच, जेव्हा जोडणीतून रक्त वाहताना दिसतं आहे.

नवं यकृत साखर सोडू लागतं. डेक्स्ट्रोजचा पंप कमी करा, बहुतेकदा बंदच करावा लागतो. ते विसरलं तर पुढच्या रिपोर्टमध्ये कळतंच.

धमनी जोडल्यानंतर

आठ किलोच्या बाळाची यकृत-धमनी दोन-तीन मिलिमीटरची. ती गुठळीने बंद होणं ही लहान मुलांच्या प्रत्यारोपणातली सर्वांत भयंकर गुंतागुंत, कधी पुन्हा प्रत्यारोपणाची वेळ आणणारी. म्हणून रक्त मुद्दाम थोडं पातळ ठेवतात: हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशींचा वाटा) २५ ते ३० टक्के. पिशवीत चाळीस मिली रक्त उरलं आहे, वाया कशाला घालवायचं, या विचाराने ते देऊ नका. पोट कोरडं असेल तर एफएफपी आणि प्लेटलेटही नकोत.

मोठ्या माणसाच्या यकृताचा डावा तुकडा लहानशा पोटात बसवायचा असतो. आतडी द्रवाने सुजली तर पोट शिवताच येत नाही, किंवा शिवलं तर आतल्या दाबाने पोर्टल शीर दबते. दिवसभर जपलेल्या एकेका मिलीचा उपयोग इथे दिसतो. शिवल्यावर डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) पाहतात तेव्हा तुमचं बीपी आणि सीव्हीपी काय होतं ते शीटवर लिहा. लॅक्टेट तासागणिक उतरू लागलं, तापमान आपोआप चढू लागलं, पित्ताचा थेंब दिसला, की यकृताने काम सुरू केलं.

आयसीयूत देताना

नुसतं "आय-ओ (आत गेलेलं-बाहेर आलेलं) ठीक आहे" म्हणू नका. हे सांगा: समतोल द्रव किती, अल्ब्युमिन किती आणि किती टक्के, तांबड्या पेशी, एफएफपी, फ्लश, बायकार्बोनेट, रक्त किती गेलं, जलोदर किती निघाला, लघवी किती. सोडियम सकाळी किती होतं आणि आता किती आहे, उद्या सकाळपर्यंत किती अंकांची मुभा उरली आहे. शेवटचं ग्लुकोज, लॅक्टेट, पोटॅशियम, कॅल्शियम, हिमॅटोक्रिट. कोणत्या पंपात काय चाललं आहे ते सिस्टरबरोबर एकेका पंपावर बोट ठेवून तपासा, आणि वॉर्डाच्या सवयीने आयसोलाइट-पी लागणार नाही हे ऑर्डर शीटवर नाव घेऊन लिहा.

मग बाहेर जा. आजी सकाळपासून तिथेच असते, आणि तिला एक नाही, दोन ओटींची बातमी हवी असते. आधी मुलाचं सांगा, मग नातवाचं. तिने "सलाइन चालू आहे ना जी?" विचारलं तर "हो आजी, चालू आहे, मोजून चालू आहे" एवढं पुरतं. तिला पाणी दिलं का कुणी, तेही विचारा.